हाड जुळलं, मग भीती का जात नाही?

"ताई, हाड जुडी गयं, पण पोऱ्या सायकलकडे देखस बी नही. इकी टाकू का?"

सायकल विकून टाकू का, हा मोठ्या अपघातातून उठलेल्या खेळाडूच्या घरून मला, समुपदेशक म्हणून, येणारा नेहमीचा प्रश्न. धुळे-जळगाव हायवेवर मोटरसायकलवरून पडलेल्यांच्या घरचेही हेच विचारतात, फक्त सायकलच्या जागी गाडी असते. डॉक्टर म्हणतात बरा झाला, एक्स-रे चांगला आला, मग हा घरात बसून का?

विचारणारी आई पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या कापसाच्या घरातली. मुलाला आपण निलेश म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहायला त्याची परवानगी आहे. निलेश क्रीडा कोट्यातून नोकरीला लागलेला सायकलपटू. पहाटेच्या सरावात असताना राँग साइडने ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला. मांडीचं हाड मोडलं, कॉलरबोन गेलं, बरगड्या मोडल्या. मांडीत रॉड बसवला. असं हाड भरून यायला साधारण चार ते सहा महिने लागतात, तेवढ्यात ते भरलंही. मांडी मात्र बारीक झाली होती. फिजिओथेरपीचे व्यायाम तो नेमाने करायचा. स्क्वॉट चुकवायचा नाही, पण ट्रेनरला, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडला, लावलेल्या सायकलवर बसायचा नाही. म्हणजे आळस नव्हता, हे आईलाही कळत होतं.

पहिल्या भेटीत तो फार बोलला नाही. बोलणं चालू असताना बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, रिकाम्या ट्रॉलीचा तो खडखडाट. निलेशचे दोन्ही हात मांडीवर होते. दोन्ही हातांची मधली दोन-दोन बोटं आपोआप आत वळली, ब्रेक दाबल्यासारखी. त्याला ते कळलंही नाही. मी विचारलं, "बोटांनी काय केलं आत्ता?" तो बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "झोपेत पण करतात. माय सांगते."

कापसाच्या गावात दिवाळीच्या पुढे-मागे दिवसातून किती ट्रॅक्टर जात असतील, विचार करा. घराच्या ओट्यावर बसणंही त्याने सोडलं होतं.

अपघातानंतरचा पहिला महिना वाईट स्वप्नं पडणं, दचकणं, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणं, हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ते चालूच राहिलं, माणूस त्या जागा, ते आवाज, ते विषय टाळू लागला आणि झोप, काम, घर यांवर परिणाम व्हायला लागला, तर त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, म्हणतात का ते तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं लागतं. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. 'घाबरट आहे', 'मन खंबीर नाही' या बोलण्याचा काही उपयोग नाही. ताशी चाळीसच्या वेगाने सायकल मारणाऱ्याला घाबरट म्हणणारे स्वतः बहुधा स्कूटीवर मागे बसलेले असतात.

एक गोष्ट मी त्याला पहिल्याच दिवशी सरळ विचारली. "सगळं संपलं" असं तो दोनदा म्हणाला होता. म्हटलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" आई बाहेर होती. तो म्हणाला, येऊन गेलं, आता नाही. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घातला जातो, ही भीती घरोघरी आहे आणि ती खोटी आहे. विचारल्याने बोलायला वाट मिळते. झोपेसाठी आणि या विचारांसाठी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. काही महिने गोळ्या चालल्या, सोबत आमचं काम.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "देवाने वाचवलं, आता सायकलचं नाव काढू नको." मायने कानबाईला नवस बोलला होता. आप्पांनी तुटकी फ्रेम खळ्यात नेऊन टाकली होती आणि नवी सायकल गोणपाटात गुंडाळून माळ्यावर. चिरलेलं हेल्मेट मायने लपवलं होतं. सगळं प्रेमापोटी, पण पोराला त्यातून एकच निरोप जात होता, की तुझी भीती बरोबर आहे. दुसरीकडे टीमचे मित्र रोज व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकायचे. डच सायकलपटू फाबियो याकोबसेन ऑगस्ट २०२० मध्ये पोलंडमधल्या शर्यतीत अगदी फिनिशला आपटला, कोमात ठेवावा लागला, बरेच दात गेले. पुढच्याच वर्षी स्पेनच्या वुएल्टा या तीन आठवड्यांच्या शर्यतीत त्याने तीन टप्पे जिंकले आणि सर्वाधिक गुणांची हिरवी जर्सी मिळवली. "बघ, हा आला परत."

निलेशने मला दुसरं नाव सांगितलं. "फ्रूमचं कोणी पाठवत नाही." चार वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला क्रिस फ्रूम १२ जून २०१९ ला टाइम ट्रायलचा, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लढायच्या शर्यतीचा, रस्ता बघताना भिंतीवर आदळला. मांडीचं हाड, कोपर, बरगड्या. फेब्रुवारी २०२० मध्ये तो शर्यतीत परतला, पण त्यानंतर एकही शर्यत जिंकला नाही. निलेशच्या छातीवर खरं ओझं हे होतं. रस्त्याची भीती होतीच, पण परत जाऊन मागेच राहिलो तर मी कोण, ही त्याहून मोठी. मित्रांना मी निरोप पाठवायला लावला, की व्हिडिओ थांबवा, वाटल्यास घरी येऊन भरीत-भाकरी खा आणि गप्पा मारा. त्यांनी ऐकलं.

मग पायऱ्या ठरवल्या. शंभरपैकी भीती किती, हा आकडा त्याने द्यायचा. आकड्यांशी त्याचं जमतं, हार्टरेट आणि वॉट (पेडलवरच्या ताकदीचा आकडा) बघून जगलेला मुलगा. संध्याकाळी ओट्यावर बसून ट्रॅक्टर ऐकणं, साठ. सायकल माळ्यावरून काढून स्वतः चेन साफ करणं, तीस. ट्रेनरवर बसणं, पंचेचाळीस. पहाटे तापीकाठच्या रिकाम्या रस्त्यावर, मागे मोटरसायकलवर आप्पा, सत्तर. हायवे, शंभर. सुरुवात तिसापासून.

नियम एकच. भीती चढली की पळायचं नाही, ती खाली येईपर्यंत तिथेच थांबायचं. पळालो की लगेच बरं वाटतं, आणि 'पळालो म्हणून वाचलो' हे मेंदू पक्कं धरतो. पुढच्या वेळी भीती मोठी होऊन येते. थांबलो तर ती ओसरते, आणि हेही मेंदू शिकतो. ओट्यावरच्या पहिल्या संध्याकाळी आकडा साठवरून ऐंशीवर गेला. माय आत जाऊन रडली, पण बाहेर येऊन "चल आत" म्हणाली नाही. ते तिला किती जड गेलं असेल! अर्ध्या-पाऊण तासाने आकडा चाळीसवर आला. बोटं वळली की ती जाणून सोडायची, श्वास लांब सोडत.

मायने लपवलेलं हेल्मेट त्याने स्वतः मागून घेतलं, एकदा हातात फिरवून बघितलं आणि टाकून दिलं. एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नसतंच, आतला फोम दबून गेलेला असतो.

आप्पांचं काम सगळ्यात अवघड होतं. मागे मोटरसायकलवर जायचं आणि "सावकास रे" असं ओरडायचं नाही. दोनदा ओरडले. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंडात सुपारी धरली.

मध्ये एकदा सगळं कोलमडलं. गावातल्या एका मोटरसायकल अपघाताची बातमी आली आणि तो दहा दिवस ओट्यावरही आला नाही. असं होतं. आम्ही पंचेचाळीसच्या पायरीवर मागे आलो आणि परत वर गेलो.

म्हणून मायला माझं उत्तर असं होतं: सायकल विकू नका आणि त्याला बसवूही नका. सावरण्याच्या काळात असले निर्णय घ्यायचे नसतात. पुढे त्याने विचार करून सोडली, तर ते घाबरून सोडणं ठरत नाही. ज्यांच्या घरी असं कोणी महिन्यानंतरही झोपत नाही, रस्ता टाळतं किंवा जगणं नको म्हणतं, त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावं. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं.

निलेश आता हायवेवर जातो, उतारावर पूर्वीपेक्षा लवकर ब्रेक लावतो. निवड चाचणीला त्याने फक्त टाइम ट्रायलसाठी नाव दिलं, जिथे एकटंच पळायचं असतं. घोळक्यातली शर्यत पुढच्या मोसमात बघू, म्हणाला. प्रशिक्षकांना ते फारसं पटलेलं नाही. मायने परवा फोन करून विचारलं, "पुढचा मोसम म्हणजे कधी, ताई?" मी म्हटलं, मावशी, ते त्यालाच विचारा.