गाइडचा एच-इंडेक्स 11 आहे, पीएच.डी.साठी जावं का?

तुम्ही नंदुरबारहून विचारलंय की ॲनालिटिकल केमिस्ट्रीत (नमुन्यात काय आणि किती आहे हे मोजणाऱ्या रसायनशास्त्रात) पीएच.डी. करायची आहे, जळगावचे एक सर घ्यायला तयार आहेत, पण त्यांचा एच-इंडेक्स 11 आणि मित्राच्या गाइडचा 30. मी याच विषयात पीएच.डी. केली, आता धुळ्यात शिकवतो. माझ्या मते नुसत्या 11 कडे बघून नकार देऊ नका.

एच-इंडेक्स 11 म्हणजे किमान 11-11 सायटेशन (दुसऱ्यांच्या पेपरांत झालेले उल्लेख) मिळालेले 11 पेपर. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली ही मोजणी सुचवली. हा आकडा वर्षांगणिक वाढतो, खाली येत नाही, म्हणून सरांची नोकरी किती वर्षांची तेही बघा. शिवाय सायटेशन मोजणाऱ्या साइट वेगवेगळ्या आहेत; एकाचा आकडा गूगल स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेतला असेल तर तुलनाच चुकली, स्कॉलरवर तो बहुधा जास्त दिसतो.

आपल्या विषयात पेपर म्हणजे बहुतेक वेळा एक पद्धत, आणि ती जितक्या नमुन्यांना चालते तितकी सायटेशन वाढतात. लाउरींचा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा 1951 चा पेपर 3 लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय. कीटकनाशकांचे अंश काढण्याची 2003 ची क्वेचर्स पद्धत घ्या: 10 ग्रॅम बारीक केलेलं फळ, 10 मिली ॲसिटोनायट्राइल, 4 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, 1 ग्रॅम मीठ, मिनिटभर हलवायचं, सेंट्रिफ्यूज करून वरचा थर घ्यायचा. रावेरची केळी असोत की भाजी बाजारातली वांगी, सुरुवात तीच. म्हणून ती जगभर चालली. याउलट एकाच गोळीतलं एकच औषध एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनने) मोजणाऱ्या पेपरला दहा सायटेशन मिळाली तरी खूप झालं. ती पद्धत कारखान्यातला क्यूसीवाला (मालाची गुणवत्ता तपासणारा) रोज वापरत असेल, पण तो पेपर लिहीत नाही, त्यामुळे त्याचा वापर कुठेच मोजला जात नाही.

माझाच अनुभव सांगतो. एचपीएलसीत घटक ज्या नळीत वेगळे होतात तो कॉलम, आणि त्याचं तापमान स्थिर ठेवणारा कॉलम ओव्हन आमच्याकडे नव्हता. डिसेंबरात माझं पीक (आलेखावरचं त्या घटकाचं शिखर) 6.4 मिनिटांना यायचं, मे महिन्यात तेच 5.5 ला, आणि शेजारचं अशुद्धीचं पीक त्याला येऊन चिकटायचं. जळगावचा मे तुम्हाला सांगायला नको. मी आधी बफरचा पीएच तपासला, मग नवी मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) केली, आठवडा गेला. माझ्या गाइड सरांनी लॅबमधला थर्मामीटर कॉलमशेजारी टेकवला आणि दोन्ही महिन्यांचे क्रोमॅटोग्राम (मशीनचे आलेख) टेबलावर एकावर एक ठेवले. कॉलम तापला की पीक लवकर येतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं, कळलं त्या दिवशी. पुढे आम्ही वेगवेगळ्या तापमानांना पद्धत तपासली आणि ते सगळे आकडे पेपरात छापले. त्या पेपराला सायटेशन मोजकीच आहेत, पण त्यातली चार अशा लोकांची की ज्यांनी आमची पद्धत स्वतःच्या नमुन्यांवर चालवून बघितली. मला त्या चारांचा फार अभिमान आहे.

म्हणून जळगावच्या त्या सरांचे सर्वाधिक सायटेशनवाले पाच पेपर उघडा. त्यांत रिव्ह्यू (इतरांच्या कामाचा आढावा) किती आणि स्वतः केलेलं काम किती, हे आधी बघा. रिव्ह्यूला सायटेशन सहज मिळतात. मग त्यांचा उल्लेख करणारे पेपर उघडा. प्रस्तावनेत पंधरा नावांच्या रांगेत सरांचं एक नाव असेल तर त्याचं वजन कमी. प्रयोगाच्या भागात 'या पद्धतीने केले' असं असेल तर ते खरं सायटेशन. उल्लेख करणारे त्यांचेच विद्यार्थी आहेत का, हेही दिसेल. एका संध्याकाळचं काम आहे.

नंतर लॅबमध्ये जाऊन या. मशीनवर सध्या कोण बसतं, तुमच्या वाट्याला आठवड्यातून किती दिवस येतील, लाइट गेली तर पंप किती वेळ चालतो, हे तिथल्या मुलांना विचारा. बफर भरलेला पंप मध्येच बंद पडला तर क्षार बसून कॉलम जातो, आणि नव्या कॉलमची वाट बघण्यात महिने जातात.