घरच्या सर्व्हरसाठी स्वस्त आणि कमी वीज खाणारा प्रोसेसर कोणता?

फोटोंचा बॅकअप, जेलीफिन (आपले सिनेमे घरातल्या टीव्ही-फोनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि दोन-चार डॉकर कंटेनर (आपापल्या डब्यात वेगळी चालणारी छोटी ॲप्स) एवढंच चालवायचं म्हणताय, तर डोळे झाकून इंटेल एन१०० वाला मिनी पीसी घ्या. चार कोअर, टीडीपी (चिपच्या उष्णतेचा, म्हणजे ढोबळमानाने वीजवापराचा आकडा) ६ वॅट, शिवाय क्विक सिंक (इंटेलची चिपमधलीच व्हिडिओची सोय) असल्याने व्हिडिओ ट्रान्सकोड करताना, म्हणजे दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलताना, धाप लागत नाही.

नुसत्या टीडीपीवर मात्र जाऊ नका. घरचा सर्व्हर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो, तेव्हा तो किती खातो ते बघायचं. चोवीस तास १० वॅट म्हणजे वर्षाला साधारण ८८ युनिट; महावितरणच्या बिलावरचा तुमचा दर लावून बघा. ग्राफिक्स कार्डवाला जुना गेमिंग पीसी रिकामा बसूनही ५०-६० वॅट सहज ओढतो, मग फुकट मिळाला तरी फुकट कसला!

व्हर्च्युअल मशीन (एकाच संगणकात चालणारे वेगळे आभासी संगणक) चालवायची असतील तर एन१०० तोकडा पडेल: रॅम अधिकृतपणे १६ जीबीच, तीही एकाच चॅनेलवर. मग ऑफिसातून निघालेला आय५-८५००टी वाला छोटा डेस्कटॉप शोधा, सहा कोअर, टीडीपी ३५ वॅट. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत विचारून बघा. दुकानातच चालू करून घ्या आणि मूळ अडॅप्टर मागायला विसरू नका.

आणि हो, छोटा यूपीएस हवाच. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली की हार्ड डिस्कचं काही खरं नाही.