अंबरनाथच्या शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हलला लहान मुलांना न्यावं का? गर्दीत हरवली तर?

तुम्ही विचारलंय की सात आणि चार वर्षांच्या मुलांना ठाण्याहून अंबरनाथला, जुन्या शिवमंदिराच्या आवारात होणाऱ्या फेस्टिव्हलला न्यावं का, गर्दीची भीती वाटते, पार्किंगचं कसं, आणि त्यांना शास्त्रीय गाण्यातलं काय कळणार.

न्या. नक्की न्या. खरं तर मी अशा प्रश्नांना उत्तरं देत बसत नाही, पण "हरवली तर" वाचलं आणि राहवलं नाही, कारण त्याच आवारात माझा सख्खा भाऊ हरवला होता.

1989 ची महाशिवरात्र. आम्ही तेव्हा कल्याणला राहायचो. दादा आठ वर्षांचा, मी सहा, बाबांच्या एका हाताला तो आणि दुसऱ्या हाताला मी. महाशिवरात्रीला तिथे काय जत्रा असते ते माहीतच असेल, दर्शनाची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. एक पिपाणीवाला बांबूला फुगे बांधून वाजवत चालला होता आणि दादाने हात सोडला. बाबांनी नाही, दादाने. मी शेजारीच उभी होते, मी बघितलंय. बाबांचा सदरा ओढून मी सांगेपर्यंत तो दिसेनासा झाला. तासाभराने भोंग्यावर त्याचं नाव पुकारलं. पोलिसांच्या मांडवात बसला होता, रडून रडून तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती, नाव, बाबांचं नाव, पत्ता. घरातून निघायच्या आधी बाबांनीच दोघांच्या खिशात घातली होती.

आणि त्यानंतर आमच्या घरात पस्तीस वर्षं काय बोललं गेलं, तर "बाबांनी हात सोडला". दिवाळीला सगळे जमले की हेच. आईसुद्धा म्हणायची. चिठ्ठीचं नाव कोणी काढलं नाही. बाबा एकदाही उलटून बोलले नाहीत, नुसते पेपर वाचत बसायचे. चार वर्षांपूर्वी गेले. मी माझ्या दोघांना फेस्टिव्हलला नेणार म्हटल्यावर दादाने ऐरोलीहून फोन करून सांगितलं, "बाबांसारखं करू नकोस". मी बाबांसारखंच केलं. दोघांच्या खिशात चिठ्ठी घातली आणि माझा मोबाईल नंबर पेनाने मनगटावरही लिहिला. तुम्हीही हेच करा. पोरगं घाबरलं की पाठ केलेला नंबर त्याला आठवत नाही.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, मुलगी पाच. आम्ही साडेचारलाच पोचलो म्हणून उजेडात मंदिर नीट बघता आलं, आणि मुलांसाठी अर्धी मजा तीच आहे. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं आणि वरचं शिखर पूर्ण नाही, तिथून सरळ आभाळ दिसतं. मुलाने विचारलं, पावसात पिंडीवर पाणी पडतं का. मग बाहेर भिंतीवरचे हत्ती मोजत बसला. मी त्याला सांगितलं की आतल्या शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे 1060 साल, शिलाहार राजा मुम्मुणीच्या वेळचं, तर त्याने बोटांवर हिशेब घातला आणि म्हणाला, म्हणजे शिवाजी महाराजांनाही हे जुनंच वाटलं असेल. सात वर्षांच्या पोराला काय कळतं म्हणणाऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं.

संध्याकाळी तबलजींनी सूर लावायला हातोडी काढून गट्टे, म्हणजे तबल्याच्या कडेचे लाकडी ठोकळे, ठोकायला घेतले तेव्हा मुलगी एकदम ताठ बसली, तबला फुटला का म्हणून. मी तिला सोळा मात्रा बोटांवर मोजून दाखवल्या, 'खाली'ला, म्हणजे तालात जिथे टाळी द्यायची नसते तिथे, हात कसा उघडायचा ते दाखवलं, चार-पाच आवर्तनं तिने केली आणि मांडीवर झोपून गेली. झोपू दे. झोपली म्हणजे आणलं ते वाया गेलं असं मला वाटत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिला प्रश्न त्या हातोडीचाच विचारला. मागच्या रांगेतली एक बाई "मुलांना घरी ठेवायचं ना" म्हणाली, तिलाही मी सांगितलं की घरी ठेवून कान तयार होत नाहीत.

पार्किंगचं विचारू नका, गाडी नेऊच नका. ठाण्याहून कर्जत किंवा बदलापूर लोकल पकडा, पण संध्याकाळी पाचच्या पुढे नाही, ऑफिस सुटल्यावर त्या गाडीत चार वर्षांचं पोर घेऊन चढणं म्हणजे शिक्षा. शक्यतो रविवारी जा. स्टेशनवरून पूर्वेला रिक्षा मिळते. येताना अंबरनाथहून सुटणारी लोकल पकडा, बसायला जागा मिळते.

ओडोमॉस लावा, शेजारून वालधुनी नदी वाहते आणि तिची काय अवस्था आहे ते नाकालाच कळेल. स्पीकरपासून लांब बसा, मागे बसलं तरी चालतं.

हो, एक राहिलं. हे सगळं फेस्टिव्हलबद्दल लिहिलंय, प्रत्यक्ष महाशिवरात्रीबद्दल नाही. त्या दिवशी लाखांची गर्दी असते, चार वर्षांच्या मुलाला अजिबात नेऊ नका. बाबांचं एवढं मात्र चुकलं होतं की त्यांनी दिवस तो निवडला. पण हात त्यांनी सोडला नव्हता.