दिवा लागतो, पण पोर्ट दिसत नाही

प्रश्न : मी सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्स पदविकेच्या शेवटच्या वर्षाला शिकत आहे. माझे वडील अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीतील एका कारखान्यात टॉवेलचे माग चालवतात. ताण्यातला धागा तुटला की मागावर ताबडतोब दिवा लागावा, असे उपकरण मी प्रकल्पासाठी करीत आहे. त्यासाठी आर्डुइनो ऊनो या प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डासारखा, पण टाइप-सी सॉकेट असलेला स्वस्त बोर्ड घेतला. लॅपटॉपला जोडला की त्यावरचे दोन्ही दिवे लागतात, एक स्थिर राहतो आणि एक लुकलुकतो. मात्र आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टची यादी रिकामीच राहते. केबल घरातल्याच नेकबँडच्या चार्जिंगची आहे. दुकानदार म्हणतात की बोर्डात दोष नाही. मी विंडोज पुसून नव्याने टाकले, तरी फरक पडला नाही. सादरीकरणाला दोन आठवडे उरले आहेत. काय करावे?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रातले 'दोन्ही दिवे लागतात' हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण तुमची सारी गफलत त्याच वाक्यापासून सुरू झालेली दिसते. दिवा लागला म्हणजे बोर्ड लॅपटॉपला 'लागला' असे आपण गृहीत धरतो आणि मग दोष लॅपटॉपात शोधू लागतो. वास्तविक स्थिर दिवा एवढेच सांगतो की केबलमधून पाच व्होल्टचा पुरवठा बोर्डापर्यंत पोहोचला आहे. लुकलुकणाऱ्या दिव्याचा तर संगणकाशी काहीच संबंध नाही. कारखान्यातून निघतानाच बोर्डावरच्या मुख्य चिपमध्ये दिवा उघडझाप करणारा एक छोटा प्रोग्रॅम भरलेला असतो आणि वीज मिळताच तो चालू लागतो. हाच बोर्ड मोबाइलच्या चार्जरला जोडलात तरी तो असाच लुकलुकेल. तेव्हा वीज पोहोचते आणि मुख्य चिप जिवंत आहे, या दोन गोष्टी तुम्हाला कळल्या आहेत. माहितीची ये-जा होते की नाही, हे अजून कोणी तपासलेलेच नाही.

ही ये-जा कशी सुरू होते ते समजून घेतले, तर पुढची तपासणी तुम्हाला स्वतःलाच सुचत जाईल. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. बहुधा लाल तार पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची आणि पांढरी व हिरवी या माहितीच्या दोन तारा असतात. यूएसबीच्या खाचेला काहीही जोडलेले नसते तेव्हा लॅपटॉप माहितीच्या दोन्ही तारा १५ किलोओहमच्या रोधांनी शून्याकडे ओढून धरतो. बोर्ड जोडला की त्यावरची यूएसबी चिप त्यांतली एक तार दीड किलोओहमच्या रोधातून सुमारे ३.३ व्होल्टपर्यंत वर ओढते. व्होल्टेजची ती चढण लॅपटॉपला जाणवते आणि कोणीतरी आले आहे हे त्याला कळते. त्यानंतर तो 'तू कोण?' असे विचारतो. चिप आपल्या उत्पादकाचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक सांगते, आणि त्या दोन क्रमांकांवरून विंडोज योग्य तो ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, शोधते. ड्रायव्हर सापडला तरच कॉम पोर्ट, म्हणजे बोर्डाशी बोलण्याची विंडोजमधली वाट, तयार होतो आणि तुमच्या यादीत दिसतो. याचा अर्थ असा की गाडी तीन ठिकाणी अडू शकते : चाहूलच लागली नाही, चाहूल लागली पण नाव सांगता आले नाही, किंवा नाव सांगितले पण ड्रायव्हर मिळाला नाही. तिन्ही वेळा तुमची यादी रिकामीच राहते, म्हणून त्या यादीकडे पाहून निदान होत नाही. त्यासाठी लॅपटॉपच्या उपकरणांची यादी दाखवणारा विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडावा लागतो.

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, लॅपटॉपचा आवाज चालू ठेवा आणि बोर्ड लावत-काढत त्या खिडकीकडे नीट पाहा. यादी क्षणभर हलते का, काही नवीन ओळ येते का, 'टुडुंग' असा आवाज येतो का, एवढेच पाहायचे आहे. काहीच हलले नाही, आवाजही आला नाही, तर लॅपटॉपला चाहूलच लागलेली नाही आणि अशा वेळी माझा पहिला संशय नेहमी केबलवर असतो. तुमच्या बाबतीत तर तो फारच बळकट आहे, कारण नेकबँड, ट्रिमर, हातातला छोटा पंखा अशा वस्तूंबरोबर येणाऱ्या कित्येक केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात. माझ्याकडे आलेली अशी एक केबल मी ब्लेडने उभी चिरून पाहिली होती. बाहेरून ती चांगली जाडजूड होती. आत मात्र लाल आणि काळी अशा केसाएवढ्या बारीक तांब्याच्या दोनच तारा होत्या, आणि उरलेली जागा पांढऱ्या दोऱ्याने भरलेली होती. पांढऱ्या-हिरव्या तारांचा पत्ताच नव्हता. तिच्यावर बोर्डाचे दिवे लख्ख लागत होते.

केबल चिरून पाहण्याची तुम्हाला गरज नाही. त्याच केबलने मोबाइल लॅपटॉपला जोडा. मोबाइलच्या पडद्यावर फाइल पाठवण्याचा पर्याय आला आणि लॅपटॉपवर मोबाइलचे फोटो उघडता आले, तर केबलमध्ये माहितीच्या तारा आहेत. मोबाइल नुसता चार्ज होत राहिला, तर मोबाइलबरोबर मिळालेली किंवा ज्या केबलने घरात कोणी फोटो उतरवून घेतले आहेत अशी केबल वापरा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा : काही स्वस्त बोर्डांवर टाइप-सी सॉकेटला लागणारे ५.१ किलोओहमचे दोन रोध बसवलेलेच नसतात, आणि अशा बोर्डाला तसल्या केबलने वीजसुद्धा मिळत नाही. त्यामुळे लॅपटॉपच्या बाजूला चपटा, जुन्या पद्धतीचा यूएसबी प्लग असलेलीच केबल घ्यावी. हब मध्ये न घालता ती थेट लॅपटॉपला लावावी आणि एकदा लॅपटॉपच्या दुसऱ्या यूएसबी खाचेतही लावून पाहावी.

केबल बदलल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अदर डिव्हायसेस' या शीर्षकाखाली पिवळ्या त्रिकोणासह 'यूएसबी सिरियल' अशी ओळ आली, तर निम्मे काम झाले असे समजा. चिपने आपली ओळख दिली आहे, फक्त ड्रायव्हर नाही. मूळ ऊनो आर-३ बोर्डावर संगणकाशी बोलण्यासाठी एटीमेगा १६यू२ ही छोटी चिप असते आणि तिला विंडोज १० व ११ मध्ये सहसा वेगळे काही टाकावे लागत नाही. तुमच्यासारख्या स्वस्त बोर्डांवर तिच्या जागी बहुतेक वेळा सीएच३४० असते. भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा घेऊन सॉकेटजवळच्या चिपवरची अक्षरे वाचा. अक्षरे पुसट असतील तर त्या ओळीवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या 'डिटेल्स' पानावर हार्डवेअर आयडी पाहा. तेथे १ए८६ आणि ७५२३ हे दोन क्रमांक दिसले तर ती सीएच३४० आहे, यात शंका नाही. तिचा ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या डब्ल्यूसीएच कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर एकाच ठिकाणी' देण्याचे आमिष दाखवणाऱ्या पानांवरून कधीही घेऊ नये. ड्रायव्हर बसल्यावर बोर्ड काढून पुन्हा लावा. 'पोर्ट्स' या शीर्षकाखाली सीएच३४० आणि त्यापुढे कॉम ३, कॉम ५ असा एखादा क्रमांक दिसेल. तोच पोर्ट आर्डुइनोमध्ये निवडायचा आहे. विंडोज नव्याने टाकण्यात तुमचा जो दिवस गेला त्याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यामुळे केबल होती तशीच राहिली, आणि आधी बसलेला एखादा ड्रायव्हर असलाच तर तोही पुसला गेला असणार.

मधली शक्यता राहिली. 'अननोन यूएसबी डिव्हाइस' अशी ओळ आली आणि तिच्यावर कोड ४३ असे लिहिलेले असले, तर चाहूल लागली पण ओळख सांगताना बोलणे तुटले, असे समजावे. बोर्डाच्या पिनांना जोडलेले सेन्सर, रिले (विजेने चालणारे स्विच), तारा, सारे काही काढून बोर्ड एकटाच जोडा. एखाद्या तारेमुळे पाच व्होल्ट आणि ग्राउंड एकत्र येत असतील, तर चिपला धड वीज मिळत नाही. मूळ ऊनोवर अशा वेळी ५०० मिलिअँपिअरचा आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज गरम होऊन प्रवाह रोखतो, आणि थंड व्हायला त्याला काही मिनिटे द्यावी लागतात. स्वस्त बोर्डांवर तो असेलच असे नाही. सॉकेट बोटाने हलवल्यावर लॅपटॉपचा 'टुडुंग' आवाज येत-जात असेल तर सोल्डर सुटलेला आहे. चांगल्या केबलवर, दुसऱ्या लॅपटॉपवर, मोकळा बोर्ड लावूनही कोड ४३ कायम राहिला, तरच बोर्ड सदोष ठरतो. तेव्हा दुकानदारांना तो दुसऱ्या लॅपटॉपवर प्रत्यक्ष दाखवून बदलून मागा. त्यांच्याकडे वीज देऊन दिवा पाहिला असेल, तर त्यांनीही तुम्ही केली तेवढीच तपासणी केलेली आहे.

रीसेटचे बटण वारंवार दाबणे, मुख्य एटीमेगा ३२८पी चिप काढून दुसरी बसवणे, असे सल्ले तुम्हाला मिळतील. ऊनोच्या बाबतीत त्यांचा उपयोग नाही. येथे कॉम पोर्ट यूएसबी चिपचा असतो, मुख्य चिपचा नसतो. मुख्य चिप काढून ठेवली तरी पोर्ट दिसलाच पाहिजे. लिओनार्डोसारख्या बोर्डावर मुख्य चिपच यूएसबी सांभाळते, तेथे मात्र चुकीच्या प्रोग्रॅमने पोर्ट नाहीसा होऊ शकतो आणि रीसेटचा उपाय लागू पडतो.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही, पण उपकरण मागाजवळ नेल्यावर विचाराल. शेडमध्ये मोटर सुरू-बंद होताना उठणारा विजेचा खळखळाट यूएसबीच्या तारांत शिरतो आणि छान चाललेला पोर्ट एकाएकी नाहीसा होतो. प्रोग्रॅम घरी भरून आणा, शेडमध्ये लॅपटॉप न जोडता बोर्ड स्वतंत्र पुरवठ्यावर चालवा, सेन्सरच्या तारा मोटरच्या केबलला समांतर नेऊ नका, आणि रिले वापरणार असाल तर त्याच्या कॉइलवर उलटा डायोड आहे याची खात्री करा. धोट्याच्या माऱ्याने सुताचा जो कोंडा उडतो तो सॉकेटमध्ये जाऊन बसतो. वीज काढून तो कोरड्या मऊ ब्रशने काढावा, सुईने टोकरू नये. मोटरच्या जोडणीला मात्र स्वतः हात लावू नका, ते काम कारखान्याच्या वायरमनचे आहे. तुटलेला धागा उशिरा दिसला की कापडात लांबवर दोष राहतो, हे तुमच्या वडिलांनी वर्षानुवर्षे पाहिले असेल. म्हणून हा प्रकल्प दोन आठवड्यांत उभा राहावा असे मला मनापासून वाटते. केबल आजच बदलून पाहा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर उबुंटू २२.०४ आहे. सीएच३४० चिप असलेले बोर्ड जोडल्यावर पोर्ट क्षणभर दिसतो आणि लगेच जातो. विंडोजवर तेच बोर्ड, त्याच केबलने, व्यवस्थित चालतात.
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : विंडोजवर चालतात हे तुम्ही पाहून ठेवले, हे फार चांगले केले, त्यामुळे केबल आणि बोर्ड दोन्ही संशयातून सुटले. लिनक्समध्ये सीएच३४० चा ड्रायव्हर कर्नेलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच, येतो, तो वेगळा टाकावा लागत नाही. उबुंटूच्या या आवृत्तीत ब्रेल फलक (दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर बोटांनी वाचू देणारे उपकरण) चालवणारा बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम आहे, आणि काही ब्रेल फलकांतही हीच यूएसबी चिप असल्यामुळे तो तुमच्या बोर्डाला ब्रेल फलक समजून ताब्यात घेतो. टर्मिनलमध्ये 'सुडो' लावून डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा दिल्यावर शेवटच्या ओळींत त्याचे नाव दिसले, तर कारण निश्चित झाले. शाळेत कोणी ब्रेल फलक वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाकावे. दृष्टिहीन विद्यार्थी त्या संगणकांवर काम करीत असतील तर मात्र ते कदापि काढू नये. बोर्डांसाठी एखादा संगणक वेगळा ठेवावा आणि त्या एकावरूनच ते पॅकेज काढावे.

त्यानंतर पोर्ट टिकून राहील, पण अपलोड करताना 'परवानगी नाही' असा संदेश येण्याची शक्यता आहे. ज्या नावाने विद्यार्थी लॉगिन करतात ते नाव 'डायलआउट' या गटात घालावे, आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे. पुन्हा लॉगिन केल्याखेरीज हा बदल लागू होत नाही, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

प्रश्न : आर्डुइनो नॅनो बोर्डाचा पोर्ट दिसतो, निवडताही येतो, अपलोड करताना मात्र 'नॉट इन सिंक' असे येऊन थांबते.
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : स्वस्त नॅनो बोर्डांत बहुधा जुना बूटलोडर, म्हणजे अपलोड केलेला प्रोग्रॅम स्वीकारणारा चिपमधला छोटा प्रोग्रॅम, असतो. तो ५७,६०० च्या वेगाने बोलतो, तर नव्या नॅनोचा १,१५,२०० च्या वेगाने. 'टूल्स' मेनूतील 'प्रोसेसर' या पर्यायात 'ओल्ड बूटलोडर' असलेली ओळ निवडून पुन्हा अपलोड करा. तरीही अडले, तर बोर्डावरची रीसेट पिन ग्राउंडला आणि टीएक्स पिन आरएक्सला एका तारेने जोडा, सिरियल मॉनिटर उघडा आणि एखादे अक्षर पाठवा. तेच अक्षर परत आले तर केबल, ड्रायव्हर आणि यूएसबी चिप तिन्ही ठीक आहेत, आणि बिघाड मुख्य चिपमध्ये किंवा तिच्या बूटलोडरमध्ये आहे.