सेमी-ऑटो शॉटगन: गॅसची की इनर्शियाची?

प्रश्न: मुलगा ह्यूस्टनला असतो. त्याला क्ले शूटिंगचा, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या टिपण्याचा, नाद लागलाय आणि बारा बोअरची सेमी-ऑटो घ्यायचीय. गॅसची बेरेटा की इनर्शियाची बेनेल्ली, इथे घोडं अडलंय. हिवाळ्यात आम्ही तिकडे जाऊ तेव्हा मलाही चालवायचीय. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली होती, पण आता उजवा खांदा दुखतो. कोणती घ्यावी?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: ताई, खांदा दुखत असेल तर गॅसचीच. ठाण्यात परतण्याआधी मी बरीच वर्षं टेक्सासात नोकरीला होतो. तिथे तिन्ही तऱ्हांच्या बंदुका बाळगल्या, म्हणून ठामपणे सांगतो.

गॅसच्या बंदुकीत नळीला खालून बारीक भोकं असतात. बार उडाला की थोडा गॅस त्यातून उतरून पिस्टन ढकलतो, पिस्टन बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याला, मागे नेतो; तेव्हाच रिकामं काडतूस बाहेर पडतं. त्यामुळे धक्का एकदम न बसता पसरून बसतो. शिवाय ही बंदूक वजनाला थोडी जास्त असते, तेही खांद्याच्या पथ्यावरच पडतं. मात्र ती साफसफाई मागते. माझी रेमिंग्टन ११००, हे १९६३चं मॉडेल. पिस्टनवर काजळी धरायचीच, पण तिचं खरं दुखणं म्हणजे मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या, नळीवरची रबरी रिंग. तिला चीर गेली की गॅस निसटतो, बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रिकामं काडतूस दारातच अडकतं. रिंग स्वस्त मिळते, एक जादा खिशात असू द्यावी.

इनर्शियाच्या बंदुकीत बोल्टच्या पोटात जाड स्प्रिंग असते. बंदूक धक्क्याने मागे सरकते, जड बोल्ट जागीच राहू पाहतो, स्प्रिंग दबते आणि सुटताना बोल्टला मागे फेकते. गॅस आत येत नाही, म्हणून ती आतून फार स्वच्छ राहते. चिखलापाण्यात, बदकांच्या शिकारीला मी तीच नेईन. पण ती हलकी, धक्का सगळा खांद्यावर. चोवीस ग्रॅम छऱ्यांच्या हलक्या काडतुसावर काही वेळा अडखळते, आणि तुम्हाला तर तीच काडतुसं लागणार. बाकी बेनेल्ली म्हणजे इनर्शियाच असंही नाही: अमेरिकी मरीन्सची एम१०१४ ही शॉटगन बेनेल्लीचीच, पण गॅसवर चालते.

तिसरी तऱ्हा ब्राउनिंग ऑटो-५ची. अख्खी नळीच बोल्टसकट मागे येते; परतताना आधी नळी पुढे जाते, मग बोल्ट. खांद्याला दोन हिसके जाणवतात. ती माझी सर्वांत लाडकी, पण तुम्हाला नको.

मुलाला सांगा, बेरेटा घे आणि दस्त्यामागची पट्टी बदलून लांबी आईच्या हाताला जमेल अशी कर. आणि पहिल्या दिवशी तुम्हाला देताना एका वेळी एकच काडतूस भरू दे. सेमी-ऑटोत बार उडाल्याबरोबर दुसरं आपोआप चढतं, आणि नवख्या माणसाचं बोट तेव्हा चापावरच असतं.