टर्बो बदलू की गाडीच काढून टाकू?

प्रश्न : माझी २०१२ ची डिझेल हॅचबॅक आहे, १.३ लिटर, रनिंग १ लाख ६८ हजार. कराड-पुणे महिन्यातून दोनदा तरी होतंच. दोन महिने झाले, परत येताना खंबाटकीत गाडी दुसऱ्या गिअरवर रखडत चढते, पिकअप पार मेलाय आणि पाय दाबला की सायरनसारखा बारीक आवाज येतो. ऑइल पण हजार किलोमीटरला पाव लिटरच्या आसपास खाते. मिस्त्रींनी एक होज पाइप काढून दाखवला, आतून तेलकट होता, म्हणाले टर्बो गेला, नवीन ४२ हजार आणि मजुरी वेगळी. दुसरे म्हणतात इंजिनच उतरवावं लागणार. एजंट आहे तशी १ लाख १५ हजारला घ्यायला तयार आहे आणि बायको म्हणते देऊन टाका. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : दादा, आधी एजंटला थोडे दिवस थांबवा आणि ४२ हजार पण खिशातच ठेवा. तेलकट पाइप बघून टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याला, फाशी द्यायची पद्धत आपल्याकडे फार आहे. इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइलची वाफ त्याच पाइपात येते, त्यामुळे दीड लाख चाललेल्या कुठल्याही डिझेलचा पाइप आतून थोडा चिकट असणारच. बोटाला तेल लागलं तर चालतं, पण पाइप वाकडा केल्यावर धार लागली किंवा इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) तेल साचलेलं निघालं तर मात्र काळजी.

आता तो सायरन. टर्बोची पाती मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतात, आणि शाफ्ट फिरतो तो ऑइलच्या पातळ थरावर, तो थर गेला की पाती हाउसिंगला घासायला लागतात आणि आवाज येतो. पण टर्बोकडून इंजिनकडे जाणारा होज चिरला किंवा क्लिप ढिली झाली तरी हवा तिथून निसटते, पिकअप जातो, शिट्टी येते आणि मागून काळा धूर निघतो, कारण डिझेल तेवढंच आणि हवा कमी. हा होज टर्बोच्या मानाने फार स्वस्त असतो. माझ्याच जुन्या गाडीला मी याच कारणासाठी एक टर्बो चढवून बसलोय, पैसे गेले आणि शिट्टी तशीच, शेवटी एका पोऱ्याने साबणाचं पाणी मारून चिरलेला होज शोधला! म्हणून धूर कुठल्या रंगाचा आहे ते तुम्ही स्वतः मागे उभं राहून बघा. निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर आधी होज, एअर फिल्टर आणि ईजीआरमधला, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधला, कार्बन.

होज ठीक निघाला तर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढायला सांगा आणि इंजिन थंड असताना शाफ्टचं टोक चिमटीत धरून हलवून बघा. बाजूला अगदी किंचित हलला तर चालतं, तेवढी जागा ऑइलसाठीच असते. पण पुढे-मागे खेळ लागला किंवा पात्यांच्या कडा घासलेल्या दिसल्या तर टर्बो खरंच गेला.

पण मग इंजिन तरी त्या खर्चाच्या लायकीचं आहे का, हे तुमच्या दोन्ही मिस्त्रींनी बघितलेलंच नाही. गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, पण उडायला लागलं आणि भकाभक धूर आला तर ते बॅक कंप्रेशन, म्हणजे रिंगा आणि बोअर झिजलेत. नंतर हीटर प्लग काढून चारही सिलिंडरचं कंप्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्या. चारही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, तीन सारखे आणि एकच पडलेला असेल तर टर्बोवर एक रुपयाही घालू नका. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद साखळी खडखडते का तेही ऐका, या इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती लांबते.

तुमच्या गाडीत बहुतेक तेच फियाटच्या डिझाइनचं १.३ आहे जे मारुती, टाटा, फियाट सगळ्यांनी वापरलं, रांजणगावलाही बनायचं, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस ६ आलं तेव्हा आपल्याकडून गेलं. त्यामुळे पार्ट आणि हात बसलेले मिस्त्री अजून गावोगावी आहेत, ही तुमची जमेची बाजू. साध्या ७५ पीएस ताकदवाल्याचा टर्बो पण साधा, आत हलणाऱ्या व्हेन, म्हणजे धुराची वाट कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या, नाहीत. ९० पीएसवाल्यात त्या असतात आणि काजळीने अडकतात, तिथे कधी कधी नुसत्या साफसफाईवर भागतं.

कंप्रेशन चांगलं निघालं तर दुरुस्ती करा. अख्खा टर्बोच घ्यायला हवा असं नाही, हाउसिंग शाबूत असेल तर नुसतं कार्ट्रिज, म्हणजे पाती आणि शाफ्टचा आतला गाभा, बदलतात, फक्त बॅलन्सिंग केलेलं आहे का ते विचारून घ्या. आणि इथे मिस्त्रींच्या डोक्यावर उभे राहा : टर्बोला ऑइल नेणारा बारीक पाइप नवीनच टाका, तो आतून कार्बनने तुंबलेला असतो आणि जुना तसाच ठेवला तर नवा टर्बो महिन्याभरात पुन्हा हातात येतो. इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उतरवून आतली गाळणी (स्ट्रेनर) साफ, ऑइल आणि फिल्टर नवे, इंटरकूलर धुतलेला, आणि पहिल्यांदा गाडी सुरू करायच्या आधी टर्बोत थोडं ऑइल ओतून. जुना टर्बो का गेला हे मिस्त्रींना सांगता येत नसेल तर दुसरे मिस्त्री बघा.

हिशोबाचं म्हणाल तर ४५-५० हजार घालून लगेच विकलीत तर तेवढे वर मिळणार नाहीत, म्हणून अजून दोन-तीन वर्षं चालवायची असेल तरच. तुमचं आरसी २०२७ ला संपतंय, त्यानंतर आरटीओत फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळतं, दिल्लीसारखी दहा वर्षांची डिझेलबंदी आपल्याकडे नाही. कंप्रेशन पडलेलं निघालं तर मात्र वहिनींचं ऐका, एजंटला खरं काय ते सांगून देऊन टाका.

आणि एक, निकाल लागेपर्यंत घाटात जाऊ नका. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळायला लागतं, चावी काढली तरी थांबत नाही, मागे पांढरानिळा धुराचा लोट. असं झालंच तर क्लच दाबून वरचा गिअर टाका, ब्रेक गच्च दाबा आणि क्लच एकदम सोडा, इंजिन गुदमरून बंद पडतं. बॉनेट उघडून हाताने हवा अडवायला जाऊ नका.

प्रश्न : सासरे म्हणतात टर्बोची गाडी बंद करायच्या आधी मिनिटभर चालू ठेवायची. सिग्नलपासून घरापर्यंत दीड किलोमीटर येते, तरी पण?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सासऱ्यांचं हायवेला आणि घाटाला बरोबर आहे. दामटून आल्यावर टर्बो लाल तापलेला असतो आणि लगेच बंद केली की ऑइल जागेवर थांबून जळतं, त्याचाच कार्बन होतो. कसारा चढून चहाला थांबलात तर अर्धा-एक मिनिट द्या. गल्लीतून हळू येताय तर टर्बो तोवर थंडच झालेला असतो, सरळ बंद करा, सासऱ्यांसमोर पाहिजे तर मिनिटभर थांबा.

प्रश्न : १.० टर्बो पेट्रोल, ८५ हजार, ऑइल कमी होतंय. दुकानदार म्हणाला जाडं २०डब्ल्यू-५० टाका, थांबेल.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : टाकू नका. थंडीत सकाळी ते जाडं ऑइल टर्बोपर्यंत पोचेस्तोवर शाफ्ट कोरडा फिरतो. मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच ग्रेड. आणि आधी खरंच कमी होतंय का ते बघा, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, गेज पुसून पुन्हा घालून. बरेच जण उतारावर उभी असताना बघतात. खरंच कमी होत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढू देणारा व्हॉल्व्ह, तपासायला सांगा, अडकलेला असेल तर ऑइल तिथूनच ओढलं जातं.