‘घाबरू नकोस’ म्हणण्याआधी

प्रिय मुली,

पत्र मिळालं. नववीतली ती मुलगी तोंडी परीक्षा म्हटलं की पोट धरून बसते, आई तिला घरी ठेवून घेते आणि तू दर वेळी ‘घाबरू नकोस, काही होत नाही’ म्हणून समजूत घालतेस. दोन दिवस बरे जातात, पुन्हा तेच. तुझी माया मला कळते, पण हे शब्द आता थांबव. तिला होतंच आहे काहीतरी. छाती धडधडते, हात गार पडतात. ‘काही होत नाही’ ऐकलं की बाईंना आपलं कळलंच नाही, एवढंच तिला कळतं.

आधी हिमोग्लोबिन तपासायला लाव. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींत ५९ जणींना रक्तक्षय निघाला. धडधड, धाप, चक्कर त्यानंही येते. पाळीचं विचार, सकाळी काय खाऊन निघते तेही विचार.

मग शाळा चुकवण्याकडे वळ. घरी राहिलं की त्या क्षणी जीव भांड्यात पडतो, आणि तिथेच घात होतो. घरी राहिले म्हणून वाचले, असं मन शिकतं. उद्याची शाळा आणखी मोठी वाटू लागते.

माझ्याकडे एक मुलगी होती. वर्गात उभं राहून धडा वाचायचा म्हटलं की तिचा घसा बंद. भीतीला थोडं थोडं सामोरं जायच्या पायऱ्या तिनंच लिहिल्या, प्रत्येकीपुढे भीतीचे शंभरपैकी गुण. आधी माझ्यासमोर चार ओळी. मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात. मग मागच्या बाकावर एक मैत्रीण. मग भर तासाला, पण बसूनच. वाचण्याआधी ती वहीत लिहायची, ‘सगळ्या हसतील.’ नंतर काय झालं ते लिहायची. एकदा दोघीजणी खरंच हसल्या. तेही लिहिलं, आणि पुढे ‘तरी धडा संपवला.’ माझ्या महिनाभराच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं, ते त्या ओळीनं झालं. एक पायरी कंटाळवाणी वाटू लागेपर्यंत पुढची घेऊ नकोस.

पण पायऱ्या मांडण्याआधी बघ, भीती रास्त तर नाही ना. स्टँडवर कुणी मागे लागत असेल, घरात कुणी नको तिथे हात लावत असेल, तर तिला शांत करणं हा अन्याय आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं, अठराच्या आतल्या मुलीवरचा लैंगिक अत्याचार कळला की पोलिसांना कळवणं तुला बंधनकारक आहे. म्हणून कोणती गोष्ट आपल्या दोघींत राहील आणि कोणती राहू शकणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांग. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचार. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालू असतो. तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दे.

आईला याच आठवड्यात बोलाव. दोष देऊ नकोस. पोरीचा चेहरा बघून तिचा जीव राहत नाही. तपासणीत काही निघालं नाही, तर पहिली पायरी आईच्या हातात दे: पोट दुखत असलं तरी फाटकापर्यंत यायचं. पहिल्या दिवशी आत गेली नाही तरी चालेल, दहा मिनिटं तिथे दोघींनी उभं राहायचं.

तुझी,
ताई